सातारा–सांगलीतून बाहेर जाणारा प्रवास कसा मोजायचा? नवख्यांसाठी पायरीपायरीने

साताऱ्यातून वर्षाला किती माणसं मुंबईला जातात, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही एका कचेरीत लिहून ठेवलेलं नाही. एसटीकडे तिकिटं आहेत, रेल्वेकडे तिकिटं आहेत, टोलनाक्यावर गाड्यांची नोंद आहे, ट्रॅव्हल्सवाल्यांकडे त्यांच्या त्यांच्या याद्या आहेत. पण माणूस घरातून निघाला कुठून आणि शेवटी पोचला कुठे, हे यांतल्या कुणालाच पूर्ण ठाऊक नसतं. हे तुकडे जुळवून एक तक्ता तयार करायचा, ज्याच्या ओळीत निघण्याची ठिकाणं, स्तंभात पोचण्याची ठिकाणं आणि प्रत्येक चौकटीत वर्षाचे प्रवास, एवढंच हे काम. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची मुलं, नियोजनाच्या कामात नव्याने आलेले लोक आणि आकड्यांची भीती न वाटणारे पत्रकार यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्सेल, क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरचे रस्ते पुरतात.

पुस्तकात तुम्हाला चार पायऱ्यांचं मॉडेल भेटेल: किती प्रवास निघतात, ते कुठून कुठे जातात, कशाने जातात, कोणत्या रस्त्याने जातात. १९५० च्या दशकात डेट्रॉइट आणि शिकागोच्या वाहतूक अभ्यासांतून ही पद्धत घडली. ती घडली शहरासाठी, म्हणजे सकाळी कामाला आणि संध्याकाळी घरी असा ठरलेला दिवस असलेल्या माणसासाठी. लांबच्या प्रवासाला ती जशीच्या तशी लावली की हिशेब चुकतो. माझ्या मते दोन बदल सुरुवातीलाच करायला हवेत. दिवसाचा हिशेब सोडून वर्षाचा धरायचा, आणि ‘कुठून निघाला’ याच्या आधी ‘घर कुठे आहे’ हे विचारायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींवर उभ्या आहेत.

पायरी १: लांबचा म्हणजे किती लांबचा?

जिल्ह्याची हद्द ओलांडली की लांबचा प्रवास, ही सोपी व्याख्या आपल्याकडे चालत नाही. सांगलीहून जयसिंगपूर म्हणजे कोल्हापूर जिल्हा, पण अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. लोक भाजी आणायला जातील इतकं जवळ. उलट जतहून सांगलीला यायचं तर ऐंशीच्या आसपास किलोमीटर पडतात आणि जिल्हा एकच. म्हणून व्याख्या अंतरावर बांधा. ब्रिटनच्या प्रवास सर्वेक्षणात ५० मैलांची रेघ आहे, युरोपातल्या बऱ्याच अभ्यासांत १०० किलोमीटरची. आपल्याकडे एका बाजूचे ८० किलोमीटर ही रेघ बरी पडते: सातारा–पुणे, सातारा–कोल्हापूर, सांगली–पुणे आत येतात आणि सातारा–कराड बाहेर राहतं.

एक अपवाद करा. पास काढून रोज पुण्याला जाणारा सातारकर अंतराने लांबचा असला तरी वागणुकीने शहरी नोकरदार आहे. त्याचा वेगळा गट करा. त्याला इतरांत मिसळलं तर सरासरी त्याच्या बाजूला झुकते आणि वर्षातून चारदा जाणारा माणूस दिसेनासा होतो.

पायरी २: झोन पाडणे

आतले झोन तालुक्याचे ठेवा. साताऱ्याचे ११ आणि सांगलीचे १० मिळून २१ झाले. बाहेरचे झोन जसजसं लांब जाल तसतसे मोठे करत जा: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, बारामती-इंदापूर, कोल्हापूर, इचलकरंजी-जयसिंगपूर, पंढरपूर, सोलापूर, बेळगाव, विजयपूर, चिपळूण-रत्नागिरी, मुंबई-ठाणे-नवी मुंबई, आणि मग गोवा, बंगळुरू, गुजरात, उर्वरित भारत. एकूण पस्तीस-छत्तीस झोन होतील, म्हणजे बाराशे-तेराशे चौकटी. यापेक्षा जास्त झोन पाडण्याचा मोह होतो, पण प्रत्येक चौकट भरायला पुरेशी माहिती कुठून आणणार?

जिल्हा हाच झोन धरला तर काय हरवतं ते पाहा. फलटणचा माणूस बारामतीकडे बघतो, खंडाळा-शिरवळचा पुण्याकडे, कराडचा निम्मा जीव कोल्हापूर-सांगलीकडे. जतचं बरंच येणं-जाणं विजयपूरकडे, आटपाडीचं पंढरपूरकडे. सगळ्यांची सरासरी काढली तर कुणाचाच प्रवास खरा उरत नाही.

झोनचा मध्य नकाशावर मोजून ठरवू नका. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी आणि जंगल एवढं आहे की भौमितिक मध्यबिंदू पाण्यातसुद्धा पडू शकतो. गावांच्या लोकसंख्येचं वजन लावून मध्य काढा आणि तो जवळच्या स्टँडला किंवा फाट्याला जोडा.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची घ्यावी लागते: सातारा जिल्हा ३०,०३,७४१, सांगली २८,२२,१४३. ठाण्याचा २०११ चा आकडा वापराल तेव्हा त्यात आजचा पालघर जिल्हाही आहे हे लक्षात ठेवा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला.

पायरी ३: वर्षाला किती प्रवास?

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक नवख्यांचं मॉडेल इथेच बिघडतं.

सरावासाठी एक गृहीत उदाहरण घ्या. पाटण तालुक्यातल्या अशा १०,००० कुटुंबांची कल्पना करा, ज्यांचं बिऱ्हाड मुंबईत आहे. प्रत्येक बिऱ्हाडातली सरासरी तीन माणसं वर्षातून चारदा गावी येतात आणि परत जातात. हिशेब झाला १०,००० × ३ × ४ × २ = २,४०,००० एकेरी प्रवास. ३६५ ने भागा, दिवसाला साधारण ६५८. आता समजा, यातले ४० टक्के प्रवास गणपती, दिवाळी, गावची यात्रा आणि मे महिन्याची सुट्टी अशा २० दिवसांत होतात. त्या २० दिवसांत रोज ४,८०० प्रवास आणि उरलेल्या ३४५ दिवसांत रोज सुमारे ४१७. म्हणजे ६५८ हा आकडा वर्षातल्या एकाही दिवशी प्रत्यक्षात येत नाही. डेपोला जादा गाड्या सोडायच्या असतील तर ४,८०० उपयोगी, नेहमीचं वेळापत्रक लावायचं असेल तर ४१७. त्यातही गणपतीच्या आदल्या दिवशी ही सगळी गर्दी एकाच दिशेची असते.

म्हणून प्रवास आधी कारणाने वेगळे करा आणि प्रत्येक कारणाला वर्षाचा स्वतःचा चढउतार द्या. नोकरी-धंदा, शिक्षण, दवाखाना, देवदर्शन-यात्रा, पर्यटन, लग्नकार्य आणि माहेरपण, आणि ‘गावी जाणं’ असे सात गट आपल्याकडे पुरतात. शेवटचा गट परदेशी पुस्तकांत ‘नातेवाइकांची भेट’ म्हणून असतो, पण मुंबईकर गावी येतो तो नुसता भेटायला येत नाही. पेरणी, घराची डागडुजी, सातबाऱ्याचं काम, यात्रेची वर्गणी असं सगळं एका खेपेत उरकतो. त्याला एकच कारण विचारलंत तर त्याला जे पहिलं सुचेल ते सांगेल. दोन कारणं नोंदवायची सोय ठेवा.

लोकसंख्येवरून प्रवास काढण्याची सवय इथे बेतानेच वापरा. खानापूर-विटा आणि आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबं देशभरातल्या शहरांत पसरलेली आहेत. त्या तालुक्यांचे प्रवास तेवढ्याच लोकसंख्येच्या दुसऱ्या तालुक्यापेक्षा लांबचे असणार. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावातून रजेवर येणारे जवान पार सीमेवरून येतात. मुंबईच्या माथाडी कामगारांत सातारकर किती, हे वेगळं सांगायला नको. मिरजेला दवाखान्यासाठी येणारा माणूस कर्नाटकातूनही येतो. पाचगणी-महाबळेश्वर आणि पावसाळ्याच्या शेवटी कासचं पठार यांना येणारी गर्दी आपल्या लोकसंख्येशी काहीच नातं सांगत नाही. तिथे खोल्यांची संख्या आणि प्रवेशाची नोंद हे जास्त भरवशाचे आधार. आषाढी वारीत माउलींची पालखी लोणंद-फलटण मार्गे जाते तेव्हा त्या रस्त्यावरची मोजणी करून वर्षाचा अंदाज बांधणाऱ्याला काय म्हणावं!

ऊसतोडीच्या टोळ्यांची नोंद वेगळी करा. मराठवाड्यातून हजारो कुटुंबं हंगामाला येतात, ती बहुतेक ट्रक-ट्रॅक्टरमधून. तिकिटाच्या कुठल्याच आकड्यात ती सापडत नाहीत. त्यांचा अंदाज साखर कारखान्यांकडच्या टोळ्यांच्या करारांवरूनच बांधावा लागतो.

आता ‘घर कुठे’ हा मुद्दा. वरच्या पाटणच्या उदाहरणातली बिऱ्हाडं मुंबईत राहतात. तुम्ही पाटणमध्ये घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षी कुठे कुठे गेलात’ असं विचारलं, तर मुंबईकरांचे प्रवास त्यात येणारच नाहीत, कारण ते घरी नाहीत. आणि नुसते ‘सातारा ते मुंबई’ प्रवास मोजले तर ते साताऱ्यात निर्माण झाले असं वाटेल. पुढे साताऱ्याची लोकसंख्या वाढली की हे प्रवास वाढतील असं तुमचं मॉडेल सांगेल. खरं तर ते वाढतील-घटतील मुंबईतल्या बिऱ्हाडांवर आणि गावाशी त्यांचा संबंध किती टिकतो त्यावर. म्हणून तक्ता भरताना एका बाजूला घर असलेलं टोक आणि दुसऱ्या बाजूला ओढीचं टोक, म्हणजे घर सोडून जिथे जायचं ते ठिकाण, असा भरा. दिशा शेवटी लावता येते. गावातल्या घरात प्रश्नावली भरताना एक जादा प्रश्न ठेवा: या घरची किती माणसं बाहेर राहतात, कुठे राहतात, आणि वर्षातून किती वेळा येतात?

आठवणीचा कालावधीही नीट ठरवा. दोनशे किलोमीटरपर्यंतचे प्रवास गेल्या महिन्याभरातले विचारा, त्यापुढचे वर्षभरातले. वर्षभरातले सगळे विचारलेत तर माणूस लग्नं आणि दवाखाने सांगतो, पुण्याला सहज मारलेली चक्कर विसरतो.

पायरी ४: आकडे कुठे मिळतात आणि काय लपवतात

एसटीच्या तिकीट मशीनमध्ये चढण्या-उतरण्याचा टप्पा नोंदला जातो. टप्पा ६ किलोमीटरचा, म्हणजे माहिती बऱ्यापैकी बारीक. पण दहिवडीचा माणूस साताऱ्याला उतरून पुण्याची गाडी पकडतो तेव्हा तिकिटं दोन आणि प्रवास एक. साताऱ्यात बदलून जाणाऱ्यांचं प्रमाण काढण्यासाठी स्टँडवर एक दिवस उभं राहून ‘कुठनं आला, कुठं चाललाय’ एवढे दोन प्रश्न विचारले तरी चालतं. दुसरा धोका असा की उत्पन्नावरून प्रवासी काढायचा शॉर्टकट आता बंद झाला. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. रुपये मोजू नका, तिकिटं मोजा. सवलतीच्या प्रवासालाही तिकीट फाडलं जातं.

रेल्वेचं आरक्षित तिकीट दोन स्टेशनं नेमकी सांगतं, अनारक्षित तिकीटही सांगतं, पण मिरज जंक्शन आहे. पुण्याकडून, कोल्हापूरकडून, बेळगावकडून आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणाऱ्या लाइनी तिथे भेटतात. मिरजेला उतरलेला प्रत्येक जण मिरजेचा नसतो.

सीमेकडच्या तालुक्यांत आणखी एक खड्डा आहे. मिरज–बेळगाव किंवा जत–विजयपूर अशा मार्गांवर महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकच्या परिवहन महामंडळांच्या गाड्या दोन्ही धावतात. एकाच महामंडळाची आकडेवारी घेतलीत तर हातात अर्धा प्रवाह येतो.

टोलनाक्यांची माहिती मात्र आपल्या भागाला खास उपयोगी आहे, कारण महामार्ग ४८ वर नाके ओळीने आहेत: पुण्याकडून येताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि मग किणी. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे गाडी कोणत्या नाक्यावरून केव्हा गेली हे नोंदलं जातं. गाडीचा नंबर काढून टाकून, प्रत्येक गाडीला एक निनावी खूण देऊन, एकत्रित स्वरूपात ही माहिती मिळवता आली तर तिच्यावरून बरंच काही उलगडतं. आनेवाडी ओलांडली पण तासवडे नाही, ती गाडी सातारा, कोरेगाव किंवा उंब्रजच्या परिसरात थांबली. तासवडे ओलांडली पण किणी नाही, ती कराडला थांबली किंवा पेठ नाक्यावरून इस्लामपूर-सांगलीकडे वळली. चारही नाके ओलांडले तर ती कोल्हापूर किंवा त्याच्याही पुढची. दुचाकीला टोल नाही, त्यामुळे ती यात दिसत नाही. गाडीत किती माणसं होती हेही दिसत नाही. ते रस्त्यावरच मोजावं लागतं.

हाताने मोजणी करायची तर इंडियन रोड्स काँग्रेसचा शहराबाहेरच्या रस्त्यांच्या वाहतूक गणनेचा जुना संकेत आजही शहाणपणाचा आहे: सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून किमान दोनदा, एकदा सुगीच्या गडबडीत आणि एकदा मंदीच्या काळात. विद्यार्थी प्रकल्पात एवढी माणसं मिळत नाहीत हे मला माहीत आहे. मग निदान एक साधा मंगळवार किंवा बुधवार, एक शुक्रवारची संध्याकाळ आणि एक रविवार तरी घ्या.

रस्त्यावर गाड्या थांबवून विचारायचं असेल तर पोलिसांची लेखी परवानगी आणि जागेवर पोलीस, दोन्ही हवेत. आणि उत्तरात नुसतं गावाचं नाव लिहून घेऊ नका. ‘वडगाव’ म्हणजे कराडजवळचं वडगाव हवेली, कोल्हापूरचं पेठ वडगाव की मावळातलं वडगाव? तालुका विचारल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला जायचं नाही.

जनगणनेतली स्थलांतराची कोष्टकं नवखे सहसा उघडत नाहीत. मागच्या वास्तव्याचं ठिकाण, स्थलांतराचं कारण आणि किती वर्षं झाली, हे त्यात मिळतं. कामासाठी आणि कुटुंबासोबत गेलेले एका बाजूला काढा. ‘गावी येणं’ या प्रवासाचं मूळ तेच. लग्नामुळे झालेलं स्थलांतर संख्येने सर्वांत मोठं असतं, पण त्यातून होणारे माहेरचे प्रवास बहुतेक जवळचे, ८० किलोमीटरच्या आतले.

मोबाइलच्या माहितीबद्दल हल्ली फार ऐकू येतं. ती उपयोगी आहे, पण एका माणसाची दोन सिम, फोन नसलेली मुलं आणि घरात एकच फोन असलेली म्हातारी माणसं यांचा तोल तुम्हालाच साधावा लागतो.

पायाभूत वर्ष निवडताना टाळेबंदीचा काळ टाळा, आणि २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंतचा एसटी संपही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधल्या महापुराचे आठवडेही बाजूला काढा.

पायरी ५: कुठून कुठे?

इथे गुरुत्व मॉडेल येतं. दोन ठिकाणांमधला प्रवास त्यांच्या ‘वजना’च्या प्रमाणात वाढतो आणि मधल्या अंतराच्या किंवा खर्चाच्या काही घाताने घटतो. तो घात किती, यावर सगळं अवलंबून. साताऱ्याहून चार ठिकाणी जाणाऱ्या प्रवासाची वाटणी करून पाहू. वजन म्हणून २०११ ची लोकसंख्या लाखात, अंतर ढोबळ: पुणे जिल्हा ९४.३ आणि ११० किलोमीटर, मुंबईचे दोन जिल्हे १२४.४ आणि २५०, कोल्हापूर ३८.८ आणि १२०, सांगली २८.२ आणि १२५.

घात २ धरला तर पुण्याला सुमारे ५५ टक्के, कोल्हापूरला १९, मुंबईला १४, सांगलीला १३ येतात. घात १ धरला तर पुणे ४५, मुंबई २६, कोल्हापूर १७, सांगली १२. बाकी काहीही न बदलता मुंबईचा वाटा जवळजवळ दुप्पट झाला! म्हणून घात पुस्तकातून उचलू नका. सर्वेक्षणातून मिळालेली प्रवासाची सरासरी लांबी आणि मॉडेलची सरासरी लांबी जुळेपर्यंत तो थोडा थोडा बदलत राहा. प्रत्येक कारणाला वेगळा घात लागतो. बाजारहाट आणि शाळेला अंतर जाचतं, गावी जाणाऱ्याला फारसं जाचत नाही.

घात जुळवूनही सातारा–मुंबई कमीच येईल, कारण सूत्राला पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध कळत नाही. काही जण अशा चौकटीला थेट एक गुणक लावून मोकळे होतात. मला ते पटत नाही: आकडा जुळतो, पण तो का जुळला हे सांगता येत नाही आणि वीस वर्षांनी तो गुणक काय असेल याचा पत्ता नसतो. त्यापेक्षा ‘गावी जाणं’ या कारणासाठी वजन म्हणून मुंबईची लोकसंख्या न घेता मुंबईत राहणाऱ्या सातारकरांची संख्या घ्या. तिचा ढोबळ अंदाज स्थलांतराच्या कोष्टकांवरून आणि पायरी ३ मधल्या जादा प्रश्नाच्या उत्तरांवरून बांधा.

मग येतो तोल साधण्याचा भाग. प्रत्येक ओळीची बेरीज त्या झोनमधून निघणाऱ्या एकूण प्रवासाएवढी आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज तिथे ओढल्या जाणाऱ्या प्रवासाएवढी व्हायला हवी. आधी सगळ्या ओळी योग्य गुणकाने गुणून जुळवा, त्यामुळे स्तंभ बिघडतात, मग स्तंभ जुळवा, त्यामुळे ओळी थोड्या बिघडतात, पुन्हा ओळी. असं करत गेलं की पाच-दहा फेऱ्यांत दोन्ही जुळतात. याला फरनेसची पद्धत म्हणतात आणि ती एक्सेलमध्ये अर्ध्या तासात बसते. सर्वेक्षणाचा तक्ता सुरुवातीला घेणार असाल तर रिकाम्या चौकटींकडे लक्ष द्या. आटपाडी ते गुजरात ही चौकट तुमच्या नमुन्यात शून्य आली म्हणजे तिकडे कुणी जात नाही असं नव्हे, आणि शून्याला कितीही फेऱ्यांत गुणलं तरी ते शून्यच राहणार. अशा चौकटीत गुरुत्व मॉडेलचा लहानसा आकडा आधी भरा.

पायरी ६: कशाने?

एसटी, ट्रॅव्हल्स, रेल्वे, स्वतःची गाडी, वडाप (माणसं भरून नेणारी खासगी जीप). प्रत्येकाचा ‘एकूण खर्च’ काढायचा: भाडं आणि वेळेची किंमत मिळून. सातारा–पुण्यासाठी सरावाचे आकडे घेऊ. ते गृहीत आहेत, खरे दर नव्हेत. वेळ मिनिटाला २ रुपये धरू.

एसटी: भाडं २००, वेळ १८० मिनिटं, एकूण ५६०. रेल्वे: भाडं ६०, वेळ २४० मिनिटं, एकूण ५४०. गाडी: तिघं मिळून ९०० चा खर्च, म्हणजे माणशी ३००, वेळ १३५ मिनिटं, एकूण ५७०. लॉजिट सूत्रात, म्हणजे खर्चातल्या फरकावरून साधनांचे वाटे काढणाऱ्या सूत्रात, दर १०० रुपयांच्या फरकाला दोन साधनांमधलं प्रमाण सुमारे २.७ पट बदलतं असं धरलं, तर रेल्वेला ३९ टक्के, एसटीला ३२, गाडीला २९ येतात.

सातारकर हे वाचून हसेल, आणि त्याचं बरोबर आहे. स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. एसटी स्टँड गावात. रेल्वेगाड्या मोजक्या, त्यामुळे आपल्या सोयीची वेळ सोडून त्यांच्या वेळेला जावं लागतं. रिक्षाचे १००, तिथवरची ३० मिनिटं आणि वेळ न जुळल्याची ६० मिनिटं धरा. रेल्वेचा एकूण खर्च ८२० होतो आणि तिचा वाटा ४ टक्क्यांखाली घसरतो. एसटी निम्म्याच्या आसपास, गाडी ४६ टक्के. दोन्ही वेळा सूत्र तेच होतं. फरक पडला तो दारापासून दारापर्यंतचा प्रवास धरल्यामुळे. पुणे–मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाने गाडीचा वेळ किती वाचतो एवढंच मांडणारे आराखडे पाहिले की मला हाच हिशेब आठवतो; गाड्यांची संख्या वाढणार का आणि माहुलीहून गावात यायची सोय काय, हे त्याच्याएवढंच वजनदार आहे.

गाडीतल्या माणसांची संख्याही विसरू नका. तोच माणूस एकटा निघाला तर गाडीचा खर्च ९०० अधिक वेळेचे २७०, आणि तो निमूट एसटीत बसतो. कुटुंब आणि एकटा प्रवासी यांचे वाटे वेगळे काढा.

लॉजिट पद्धतीला घडवणारे डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बार्ट रेल्वेचा वाटा त्यांनी आधी वर्तवला होता ६.३ टक्के, प्रत्यक्षात आला ६.२. आपला आकडा इतका जुळेल अशी आशा धरू नका.

पायरी ७: कोणत्या रस्त्याने?

लांबच्या प्रवासात ही पायरी शहरापेक्षा सोपी. सातारा–पुणे बहुतेक सगळे महामार्गानेच जातात. खंबाटकीला कोंडी झाली तरच लोणंद-जेजुरीचा विचार. सांगली–पुण्याला मात्र पेठ नाक्यावरून महामार्ग की विटा-दहिवडी-फलटण, हे झोनवर ठरतं. कोकणासाठी कुंभार्ली घाट आणि आंबा घाट वेगळे जोडा. आणि परगावची ये-जा वेगळी ठेवा: गणपतीला मुंबईहून चिपळूणला निघालेल्या अनेक गाड्या पुणे-सातारा-कराड-पाटण मार्गे जातात. आनेवाडीला त्या मोजल्या जातील, पण त्या साताऱ्याच्या नव्हेत. मुंबई–बंगळुरू स्लीपर गाड्यांचंही तेच.

पायरी ८: ताळा

मॉडेलला न दाखवलेली मोजणी हाताशी ठेवा आणि तिच्याशीच ताळा करा. आपल्याला निसर्गानेच रेघा आखून दिल्यात. सातारा आणि पुणे जिल्ह्यांमध्ये नीरा नदी वाहते. शिरवळचा महामार्गाचा पूल, नीरा-लोणंद रस्ता, फलटण-बारामती रस्ता, मधले लहान पूल आणि रेल्वेचा पूल एवढे मोजले की उत्तरेकडे जाणारा प्रवास जवळजवळ सगळा पकडला गेला. सांगलीत तेच काम कृष्णेवरचे पूल करतात.

तासाच्या मोजणीसाठी जीईएच नावाचा निकष वापरतात. मॉडेल आणि मोजणीतल्या फरकाचा वर्ग करा, दुप्पट करा, दोघांच्या बेरजेने भागा, वर्गमूळ काढा. मॉडेल ९०० आणि मोजणी १,००० असेल तर ३.२ येतात, ५ च्या आत म्हणजे ठीक. हा निकष तासाच्या वाहनांसाठीच आहे. वर्षाच्या लाखांतल्या प्रवाशांना तो लावला तर चांगलं मॉडेलही नापास होईल; तिथे साधी टक्केवारी पाहा.

ताळा जुळत नसेल तर आधी मोजणी तपासा, मग झोन, मग वर्षाचा चढउतार, आणि घाताला हात सगळ्यात शेवटी लावा. लोक नेमकं उलट करतात, कारण घात बदलणं सोपं असतं.

पायरी ९: पुढच्या वर्षांचा अंदाज आणि सुपूर्द करणं

भविष्याचा आकडा मॉडेलमधून थेट उचलू नका. मॉडेलचं उद्याचं उत्तर भागिले मॉडेलचं आजचं उत्तर, एवढं गुणोत्तर घ्या आणि ते आजच्या मोजलेल्या आकड्याला लावा. मॉडेलच्या कायमच्या चुका त्यात बऱ्याचशा गळतात. नवी सोय आली की काही प्रवास दुसऱ्या साधनावरून सरकतात आणि काही नव्याने जन्मतात, हे दोन वेगळे दाखवा. महिलांच्या अर्ध्या तिकिटानंतर एसटीत वाढलेली गर्दी ही वडापमधून आलेली किती आणि पूर्वी घरीच राहणाऱ्या बायकांची किती, हे चढणाऱ्यांना विचारल्याशिवाय कुठलंच सूत्र सांगणार नाही.

अहवालात १,८३,४१७ असा आकडा छापू नका. ‘दीड ते सव्वादोन लाख’ लिहा आणि टोकं कोणत्या गृहीतकांमुळे आली ते शेजारी लिहा. गृहीतकांचं वेगळं पान जोडा: वेळेची किंमत, घात, झोनची यादी, मोजणीच्या तारखा. आणि झोनला मनाने दिलेले क्रमांक न ठेवता जनगणनेचे गाव-तालुका संकेतांक ठेवा. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की गावांच्या आणि तालुक्यांच्या हद्दींत झालेले बदल नोंदवून जुन्या २०११ च्या स्तंभाच्या जागी नवा स्तंभ बसवायचा आणि पायरी ३ पासून फाइल पुन्हा चालवायची.